दोन क्लासच्या पात्राचे स्पेल स्लॉट कसे मोजावेत

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका वठवण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतील 2014 च्या नियमांनुसार स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्यासाठी खर्च करायच्या संधी) मोजताना विझार्ड, क्लेरिक, सॉर्सरर या क्लासच्या (पात्राच्या पेशांच्या) लेव्हल पूर्ण धराव्यात आणि पॅलाडिन वा रेंजरच्या लेव्हलची निमपट करून अपूर्णांक सोडून द्यावा, येणारी बेरीज मल्टिक्लास (एकाहून अधिक क्लासच्या पात्रांच्या) तक्त्यात पाहावी. पाचव्या लेव्हलचा पॅलाडिन तिसऱ्या लेव्हलचा सॉर्सररही असेल, तर 2 अधिक 3 म्हणजे 5, अर्थात मंत्रांच्या पहिल्या पातळीचे 4, दुसऱ्या पातळीचे 3 आणि तिसऱ्या पातळीचे 2 स्लॉट मिळतात. गफलत होते ती यापुढे: मंत्र मात्र प्रत्येक क्लासचे स्वतंत्रपणे, जणू दुसरा क्लास नाहीच असे समजून निवडायचे असल्याने या पात्राला तिसऱ्या पातळीचा एकही मंत्र येत नाही, आणि ते दोन स्लॉट खालच्या पातळीचे मंत्र अधिक जोमाने टाकण्यासाठी वापरता येतात. वॉरलॉक या क्लासचे स्लॉट या बेरजेत धरू नयेत.