जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी

आठ-दहा वर्षे वापरलेला संगणक सुरू व्हायला पाच-पाच मिनिटे घेऊ लागला की तो बदलायलाच हवा, असे आपण ठरवून टाकतो. कोल्हापुरातील शाळांचे संगणक कक्ष असोत किंवा उद्यमनगरातील वर्कशॉपची छोटी कार्यालये, टायपिंग, हिशेब आणि ऑनलाइन तासांपुरता जुना प्रोसेसर बहुधा आजही पुरतो. खरी अडचण हार्ड डिस्कची असते.

आधी खात्री करून घ्यावी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यास कोणता भाग किती वापरला जातो ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडतो. साधे काम चालू असतानाही डिस्कचा आकडा बराच वेळ 100 टक्क्यांवर अडकून राहत असेल आणि सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, आकडा कमी असेल, तर दोष डिस्ककडे आहे. मेमरी सतत 90 टक्क्यांच्या आसपास असेल, तर रॅम, म्हणजे चालू कामापुरती माहिती धरून ठेवणारी मेमरी, अपुरी आहे.

हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेणारी तबकडी असते आणि प्रत्येक लहान फाइलसाठी तिचे वाचक टोक जागा बदलत राहते. एसएसडी या चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये हलणारा भागच नसल्याने हा खोळंबा होत नाही. जुन्या मदरबोर्डला, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डला, अडीच इंची साटा जोडणीची एसएसडी चालते आणि कार्यालयीन कामाला 256 जीबी पुरेशी होते. माझ्या मते पैसे मोजकेच असतील तर पहिला खर्च इथेच करावा. रॅम त्यानंतर घ्यावी, आणि घेताना जुनी पट्टी दुकानात सोबत न्यावी, कारण डीडीआर 3 आणि डीडीआर 4 या रॅमच्या दोन प्रकारांच्या खाचा वेगळ्या असून एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी, वीजजोडणी पूर्ण काढावी आणि अंगातील स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला हात लावावा. आपल्याकडे पावसाळ्यात महिनोन्‌महिने हवा दमट राहते, त्यामुळे रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पुटे चढतात आणि संगणक नुसताच बीप वाजवून थांबतो. अशा वेळी पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवरून पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे, चुरा ब्रशने झटकावा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक्‌ करून बसेपर्यंत पट्टी सरळ दाबावी. अनेकदा एवढ्यानेच संगणक पुन्हा सुरू होतो. धूळ काढण्यासाठी ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी त्याच्यावरील पेस्ट वाळून पांढरी पडली असेल, तर ती पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावावी. तारीख-वेळ रोज चुकत असेल, तर मदरबोर्डवरील सीआर 2032 हा 3 व्होल्टचा सेल बदलावा.

पंचगंगेच्या पूररेषेजवळ राहणाऱ्यांनी, 2019 आणि 2021 चे पूर लक्षात घेऊन, कॅबिनेट जमिनीवर कधीच ठेवू नये.

आता ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळू. विंडोज 10 चा नियमित आधार (सुरक्षा अपडेट) 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा सुविधा व बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो; मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेकमधून आपला संगणक त्यात बसतो का ते कळते. बसत नसेल, तर शाळेसाठी लिनक्स मिंट हा चांगला पर्याय आहे: ते मोफत आहे, लिब्रे ऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरसह येते आणि इनस्क्रिप्ट कळफलकावर युनिकोड मराठी नीट उमटते. मात्र जेथे टॅलीवर हिशेब किंवा श्रीलिपीवर मजकूर जुळवणी चालते, तेथे लिनक्सचा आग्रह धरू नये, कारण ही सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली आहेत.

नवी सिस्टिम एसएसडीवर टाकताना जुनी हार्ड डिस्क काढूनच ठेवावी, म्हणजे चुकून तिच्यावरील माहिती पुसली जाणार नाही. काम सुरळीत चालू झाल्यावरही महिनाभर ती तशीच जपावी. एखादे जुने प्रश्नपत्रिकांचे फोल्डर किंवा गेल्या वर्षीची बिले त्याच काळात हमखास आठवतात.