दोघी मिळून गोव्याला निघालात? या चुका टाळा

गोव्यात कोण कुणाला विचारतंय, या भरवशावर बरीच लेस्बियन जोडपी अर्धवट तयारीने निघतात. गोवा इतर ठिकाणांपेक्षा मोकळा आहे, हे खरंच. पण पुण्या-मुंबईच्या किंवा कोल्हापूरच्या मुलीसाठी तो परदेश नव्हे. डिसेंबरात कळंगुटला निम्मं ऑफिस भेटतं आणि मंगेशीला कुलदैवताच्या दर्शनाला आलेली आत्या.

सगळ्यात जास्त मनस्ताप होतो तो खोलीवरून. बुकिंग एकीच्याच नावावर असतं आणि बेडचा प्रकार कुणी पाहिलेलाच नसतो. मग काउंटरवरचा मुलगा कौतुकाने सांगतो, "मॅडम, दोन वेगळे बेड लावून दिलेत." रात्रीची वेळ, पाठीवर सॅक, मागे लोक ताटकळलेले. अशा वेळी एकच पलंग का हवा हे सांगणं जिवावर येतं. म्हणून पैसे भरण्याआधीच मेसेज टाका: "आम्ही दोघी पार्टनर आहोत, एकच डबल बेड हवा, काही अडचण नाही ना?" स्वतःबद्दल सांगायचं नसेल तर नुसतं "एकच डबल बेड हवा" एवढंही पुरतं. उत्तर फोनवर नको, चॅटवरच घ्या. टाळाटाळ दिसली तर सरळ दुसरी जागा बघा.

बुकिंगवर दोघींची नावं हवीत आणि दोघींकडे पत्ता असलेलं ओळखपत्र हवं. पॅन कार्डवर पत्ता नसतो, त्यावर विसंबू नका. 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढांमधले परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, आणि दोन सज्ञान स्त्रियांनी एका खोलीत राहण्याला कायद्याची आडकाठी नाही. तरीही ऐनवेळी खोली नाकारली, तर हुज्जत घालत बसू नका. नकाराचं कारण मेसेजवर मागा, बुकिंग कंपनीला तिथूनच फोन लावा आणि पैसे परत मागा. जवळची दुसरी एखादी जागा आधीच हेरून ठेवलेली बरी. आणखी एक: संपर्कासाठी घरचा नंबर देऊ नका, सगळं ठाऊक असलेल्या मैत्रिणीचा द्या.

होमस्टेत वेगळाच पेच असतो. मांद्रे-पेडण्याकडे मराठी छान चालते, त्यामुळे गप्पा लगेच रंगतात, आणि चहा देता देता काकू विचारतात, "तुमचे मिस्टर नाही आले?" एक म्हणते आम्ही मावसबहिणी, दुसरी म्हणते ऑफिसातल्या मैत्रिणी, आणि पुढचे दिवस अवघडलेपणात जातात. काय सांगायचं ते गाडीतच ठरवा. खरं सांगायची सक्ती नाही, फक्त दोघींचं उत्तर एक असू द्या.

कळंगुट-बागाला दारू प्यायलेल्या पुरुषांच्या टोळक्यांचा त्रास कोणत्याही दोन बायकांना होतो. मी तरी आश्वे, मांद्रे किंवा दक्षिणेकडचे आगोंद, पाटणे हेच सुचवेन. हातात हात घेऊन चालायला सहसा अडचण येत नाही, दोन मुलींचं ते सगळ्यांच्या सवयीचं आहे. चुंबन मात्र खोलीसाठी राखा. फोटो परतल्यावर टाका, तेही लोकेशन काढून. व्हॉट्सॲप स्टेटस कोणाकोणाला दिसतं, तेही तपासा.

"घरी कळवू" म्हणून कुणी पैसे मागितले, तर घाबरून देऊ नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही. अब्रूची भीती घालून पैसे उकळणं ही खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खाली गुन्हा. स्क्रीनशॉट ठेवा, 112 ला फोन करा. स्वतःला पोलीस म्हणवणारा असेल तर नाव आणि ओळखपत्र विचारा. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करता येत नाही, हे ठाऊक असलं की आवाज कापत नाही.

विमानतळ दोन आहेत. उत्तरेला राहणार असाल तर मोपा, दक्षिणेला दाबोळी. उलट तिकीट काढलंत तर टॅक्सीतच पैसे आणि दिवस जातो. भाड्याची स्कूटर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरू नका, जून ते सप्टेंबर तर नकोच.

आजारपणाचा विचार फारसं कुणी करत नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. 17 ऑक्टोबर 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही, त्यामुळे इस्पितळात "नातेवाईक कोण?" या प्रश्नाला पार्टनरकडे कागदोपत्री उत्तर नसतं. निघण्याआधी दोघींनी एकेक सहीचं पत्र लिहा: मी शुद्धीवर नसेन तर आधी हिला कळवा, माझी माहिती हिला द्या. कायद्याने ते बंधनकारक ठरेलच असं नाही, पण डॉक्टरांसमोर तुमची इच्छा लेखी असते. त्यातच रक्तगट, चालू औषधं आणि विम्याचा क्रमांकही लिहा. रुग्णवाहिकेसाठी 108, आणि मोठं सरकारी इस्पितळ म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, म्हणजेच गोमेकॉ. पत्राची एक प्रत एकमेकींच्या पर्समध्ये ठेवा, बॅगेत नको. बॅग खोलीवरच राहते.