यजमान-परजीवी मॉडेल स्थिरावलं? मग या चुका तपासा

यजमान कीटक आणि त्याच्यावर वाढणारा परजीवी कीटक यांची संख्या पिढीगणिक काढणारं निकोल्सन आणि बेली यांचं 1935 सालचं मॉडेल एक्सेलमध्ये चालवलं आणि आलेख हळूहळू आडवा होत गेला, तर खूश होऊ नका. हे मॉडेल मुळातच स्थिरावत नाही. झोके पिढीगणिक वाढत जातात आणि शेवटी एक कीटक तरी संपतो. तुमचं शांत झालं असेल तर सूत्रात गडबड आहे.

बहुतेक वेळा चूक एकाच ओळीत असते. परजीवींची पुढची पिढी जुन्या यजमानांवरून काढायची असते, पण कोडमध्ये वरच्या ओळीत यजमानांचा आकडा आधीच बदललेला असतो.

पांढरी माशी आणि तिच्यावर वाढणारी एन्कार्सिया ही इवलीशी गांधीलमाशी घ्या. वाढीचा दर 2 (पिढीगणिक यजमान दुप्पट), शोधक्षमता (एक परजीवी किती भाग धुंडाळतो) 0.068, एका यजमानातून एक परजीवी. 24 यजमान आणि 12 परजीवींपासून सुरुवात केली तर पुढच्या पिढीत यजमान 21.2 आणि परजीवी 13.4 यायला हवेत. चुकीच्या कोडमध्ये परजीवी 11.8 येतात. फरक किरकोळ वाटतो, पण समतोलाजवळच्या जॅकोबियनचा निश्चयक (जरा हलवलं तर झोके वाढतील की विरतील हे सांगणारा आकडा) 1.39 वरून 0.69 वर येतो. एकच्या वर असला की झोके फुगतात. इथे तो खाली गेल्यामुळे झोके विरतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं जैविक नियंत्रण यशस्वी!

याच आकड्यांचा समतोल यजमान 20.39 आणि परजीवी 10.19 वर आहे. नेमकी तिथूनच सुरुवात केली तरी बराच वेळ सरळ रेष दिसते. जरा धक्का देऊन बघा.

मॉडेलमध्ये यजमान 0.0003 वर जाऊन पुन्हा उसळी घेतात, हेही हास्यास्पदच. एकाच्या खाली गेले की शून्य धरा.

शोधक्षमता क्षेत्रफळाशी बांधलेली असते. पिंजऱ्यात मोजलेली किंमत जशीच्या तशी शेताला लावू नका. ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा या परजीवी गांधीलमाशीने ग्रासलेली अंडी चिकटवलेलं कार्ड) वापरणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण: ट्रायकोग्रामाची पिढी साधारण 8-10 दिवसांत होते, उसाच्या खोडकिडीला महिन्याहून अधिक लागतो. दोघांना एकाच पिढीच्या पायरीवर बसवलं की गणित तिथेच फसतं.

मग स्थैर्य आणायचं कसं? हल्ले काही यजमानांवरच एकवटतात असं धरा. 1978 मध्ये गणिती पर्यावरणशास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी यासाठी ऋण द्विपद वितरण वापरलं. त्यातला 'के' (जितका लहान, तितके हल्ले जास्त एकवटलेले) एकापेक्षा कमी असेल तर समतोल टिकतो. यजमानांच्या वाढीला मर्यादा घातली तरीही चालू शकतं. काही जण यासाठी यजमान हाताळण्याचा वेळ (एका यजमानावर हल्ल्यात जाणारा वेळ) सूत्रात घालतात. त्याने झोके उलट वाढतात.