एककं बदलताना गुणायचं की भागायचं? गोंधळ कायमचा घालवायची पद्धत

फुटाचे सेंटीमीटर, पाऊंडाचे किलो, गॅलनचे लिटर करायचे म्हटलं की आपण आधी तक्ता शोधतो, आकडा सापडतोही, पण मग गुणायचं की भागायचं इथेच सगळं अडतं. म्हणून तक्ता पाठ करण्यापेक्षा पद्धत शिका असं मी सगळ्यांना सांगतो, ती लांबी, वजन, घनफळ सगळीकडे सारखीच चालते.

सगळ्यात आधी दिलेला आकडा एककासकट लिहा, नुसतं १८५ नाही तर १८५ पाऊंड. त्याच्या शेजारी माहीत असलेलं नातं लिहा, १ पाऊंड = ०.४५३६ किलो. आता या नात्याचा अपूर्णांक करायचा आणि जे एकक घालवायचंय ते खाली ठेवायचं, म्हणजे वर ०.४५३६ किलो, खाली १ पाऊंड. पाऊंडाला पाऊंड कटतो, किलो उरतात: १८५ × ०.४५३६ = ८३.९ किलो. उलट ७२ किलोचे पाऊंड हवे असतील तर किलो खाली घ्या, की आपोआप भागाकारच होतो, ७२ ÷ ०.४५३६ = १५८.७ पाऊंड. अपूर्णांकात वर आणि खाली एकच माप आहे, म्हणजे आपण १ नेच गुणतोय, त्यामुळे वजन तेवढंच राहतं.

मग एक झटपट तपासणी. एकक लहान झालं तर आकडा मोठा व्हायला हवा, एकक मोठं झालं तर आकडा लहान. पाऊंड किलोपेक्षा लहान, म्हणून किलोचा आकडा कमीच यायला पाहिजे. तोंडी अंदाज हवा असेल तर पाऊंडाचे निम्मे करून त्यातले दहा टक्के कमी करा, १८५ चे ९२.५ आणि मग साधारण ८३, म्हणजे उत्तर बरोबर दिशेला आहे.

नाती फार लागत नाहीत. १ इंच म्हणजे बरोब्बर २.५४ सेंटीमीटर, हे १९५९ साली अमेरिका, ब्रिटन आणि इतर काही देशांनी मिळून ठरवलेलं आहे, त्यावरून १ फूट ३०.४८ सेंटीमीटर आणि १ मैल १.६०९ किलोमीटर. १ औंस २८.३५ ग्रॅम. गॅलनला मात्र जपा, अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश ४.५४६ लिटरचा, कुठला ते कळल्याशिवाय गणित सुरूच करू नका.

उंचीत हमखास होणारी चूक म्हणजे ५ फूट ७ इंच हे ५.७ फूट समजणं. फुटात १२ इंच असतात, १० नाही, म्हणून आधी सगळे इंच करा, ५ × १२ + ७ = ६७ इंच, आणि ६७ × २.५४ = १७०.२ सेंटीमीटर. ५.७ ने गुणलं असतं तर १७३.७ आलं असतं, साडेतीन सेंटीमीटरचा फरक!

क्षेत्रफळ आणि घनफळ आलं की अजून काळजी घ्या. १ मीटर म्हणजे ३.२८१ फूट, पण १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही बदलतात, आणि घनमीटरला तर ३५.३ घनफूट. मी आधी तिन्ही बाजू सेंटीमीटरमध्ये करून घेतो. समजा टाकी ५ फूट × ४ फूट × ३ फूट आहे, तर १५२.४ × १२१.९२ × ९१.४४ करा, आलेल्या घन सेंटीमीटरला १००० ने भागा की लिटर मिळतात, इथे साधारण १६९९ लिटर.

लिटरचे किलो करायचे असतील तर नुसतं नातं पुरत नाही, तिथे पदार्थाची घनता लागतेच. पाण्याचा लिटर जवळपास १ किलो भरतो, पाऱ्याचा साडेतेरा किलोच्या वर जातो, विमानाच्या इंधनाचा साधारण ०.८ किलो. १९८३ साली एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानात इंधन मोजताना ०.८ च्या जागी १.७७ हा आकडा घेतला गेला, तो लिटरमागे पाऊंडाचा होता आणि हवे होते किलो, त्यामुळे लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहून कमी भरलं गेलं आणि दोन्ही इंजिनं हवेतच बंद पडली. वैमानिकांनी विमान तसंच तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि सगळे वाचले. त्या १.७७ पुढे 'पाऊंड दर लिटर' लिहून एककं काटत गेलं तर शेवटी किलो उरतच नाहीत, चूक तिथेच कागदावर दिसते.

राहिलं राउंडिंग, ते अगदी शेवटी एकदाच करा. मधल्या प्रत्येक पायरीला दशांश छाटत गेलात तर छोट्या छोट्या चुका साठत जातात.