मिनी चेनसॉची चेन सारखी उतरत होती, त्यावरचा उपाय

६ इंची बॅटरी चेनसॉने (साखळीच्या छोट्या करवतीने) पेरूच्या फांद्या छाटताना चेन, ती जिच्या कडेने फिरते त्या धातूच्या पट्टीवरून, सारखी उतरायची. चेन सैल होतीच, पण पट्टीच्या कडेच्या खाचेत तेलकट भुसाही घट्ट बसला होता. बॅटरी काढली, मगच झाकण उघडलं. बारीक तारेने खाच आणि तेलाचं छिद्र साफ केलं. पट्टी उलटून बसवली, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. चेन बसवताना पट्टीच्या वरच्या बाजूला दातांची धार पट्टीच्या टोकाकडे हवी. उलटी चेन कापत नाही, नुसता धूर काढते. पट्टीचं टोक वर उचलून ताण दिला: चेन खाली लोंबू नये, पण हातमोजा घालून ओढल्यावर सहज फिरावी. नवी चेन थोड्याच कामात ताणते, पुन्हा कसावी लागते. बारीक काटक्यांना मात्र कात्रीच बरी; त्या अडकूनही चेन उतरते.