एक्स्पोर्ट दाबण्याआधी: घरच्या व्हिडिओतली तडतड घालवण्याची तयारी

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला अकरा दिवस उरले होते आणि तिच्यासाठी जोडलेल्या फिल्मचा आवाज तडतडत होता, तापल्या तेलात मोहरी पडावी तसा. संपादन करताना टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा मांडायच्या पट्टीवर, सगळं स्वच्छ ऐकू यायचं. एक्स्पोर्ट केलेल्या, म्हणजे सगळं जोडून तयार झालेल्या, फाइलमध्ये मात्र २००४ सालच्या बारशात ती पाळणा म्हणते, नेमकं तिथंच बिघडायचं. मी दोष २०१९ च्या महापुराला दिला. सांगलीत गावभागातल्या आमच्या घरात पाणी यायच्या आत कॅसेटची पेटी माळ्यावर गेली होती, पण भिंतींची ओल नंतर कितीतरी दिवस हटली नव्हती. ती कॅसेटला बाधली असणार असं धरून मी दोन दिवस घालवले. कॅसेटला काहीही झालेलं नव्हतं. ते कळलं शेवटी कॅमेऱ्यालाच हेडफोन लावून पाळणा ऐकला तेव्हा, आणि म्हणून तयारीतलं पहिलं काम तेच सांगते: मूळ आवाज मूळ जागी ऐकायचा.

त्यासाठी तारेचा हेडफोन हाताशी ठेवा. ब्लूटूथचा नको, कारण त्याचं कनेक्शन डळमळलं की स्वतःच तुटक आवाज येतो आणि शोध भलतीकडे जातो. मोबाइलवरचं चित्रण मोबाइलवर ऐका, कॅसेटवरचं कॅमेऱ्यात. मात्र कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरट बुरशी दिसली तर ती कॅमेऱ्यात अजिबात घालू नका. ती हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्यावी. फीत चांगली आहे, तरी कॅमेऱ्यात चालवताना चित्रात चौकोन आणि आवाजात खंड येतोय, तर आधी क्लीनिंग कॅसेट थोडा वेळ फिरवून हेड साफ करा आणि तो भाग पुन्हा संगणकावर घ्या.

मूळ आवाज स्वच्छ निघाला की वही-पेन घेऊन बसा. तोच प्रोजेक्ट दोनदा एक्स्पोर्ट करा आणि दोन्ही फाइलींत तडतड कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला येते ते लिहा. दोन्हीकडे त्याच सेकंदाला येत असेल तर गडबड प्रोजेक्टमध्ये आहे. जागा बदलत असेल तर संशय संगणकावर घ्यायचा: मागे चालू असलेले प्रोग्राम, भरत आलेली डिस्क, किंवा यूएसबीच्या सैल वायरवर लटकलेली हार्ड डिस्क. आणि एकच फाइल दोन वेळा वाजवली की दर वेळी वेगळ्याच ठिकाणी तडतडत असेल तर फाइल बहुधा चांगली आहे, ती वाजवणारा प्लेअर किंवा संगणक अडखळतोय. या एका तपासणीने माझे पुढचे चार दिवस वाचले. माझ्याकडे तडतड दोन्ही वेळा त्याच सेकंदांना होती, आणि मोबाइलच्या एकाही क्लिपमध्ये नव्हती.

आता कॅसेटच्या काळात हँडीकॅम वापरलेल्या प्रत्येक घराने पाहावी अशी गोष्ट. मिनी डीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटच्या, कॅमेऱ्यांत आवाजाच्या दोन पद्धती असायच्या, १६ बिट आणि १२ बिट. १६ बिटमध्ये सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात, १२ बिटमध्ये ३२,०००. पुष्कळ कॅमेरे १२ बिटवर लावलेले असत आणि आपल्यापैकी कुणीही तो मेनू उघडलेला नसे. मोबाइलचं चित्रण बहुधा ४८,००० चं, सीडीवरून घेतलेलं गाणं ४४,१०० चं. एका टाइमलाइनवर हे तिन्ही आले की एक्स्पोर्ट होताना प्रोग्रामला सगळं एका मापात आणावं लागतं. काही प्रोग्राम ते नीट करतात. माझा करत नव्हता. म्हणून प्रत्येक क्लिपचे गुणधर्म उघडून सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती नमुने, तो वहीत लिहून काढा आणि जो ४८,००० नाही तो आवाज आधीच बदलून घ्या. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम त्याला पुरतो. त्यातून वेव्ह फाइल काढून चित्राखाली बसवायची आणि क्लिपचा मूळ आवाज बंद करायचा. ४८,००० च्या १६ बिट स्टिरिओ वेव्हला तासाला साधारण ६९० एमबी लागतात. मिनी डीव्हीचं चित्रण संगणकावर तासाला १३ जीबीच्या आसपास जागा घेतं, तेव्हा डिस्क आधी मोकळी करा. पाळण्याचा आवाज असा बदलून बसवला आणि तडतड गेली.

सगळ्यांचं कारण हेच असेल असं नाही. त्याहून जास्त वेळा आवाज फाटतो तो पातळीमुळे. डिजिटल आवाजाला शून्य डेसिबलवर छप्पर आहे. त्यावर जाणारी आवाजाची लाट सपाट कापली जाते आणि तीच कानाला तडतड म्हणून लागते. एक ट्रॅक छपराखाली आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. घरातल्यांचं बोलणं, त्याखाली सनई, वर टाळ्या, हे एकत्र आलं की पातळी वाढते; सारख्या पातळीचे दोन अगदी एकसारखे आवाज एकत्र आले तर ६ डेसिबलने. तेव्हा मुख्य मीटरवर नजर ठेवून पूर्ण फिल्म एकदा चालवा. सर्वांत मोठा आवाज उणे ३ डेसिबलच्या खाली राहील इतपत सगळं उतरवा, आणि गाणं बोलण्याच्या बरंच खाली न्या. एक्स्पोर्टमध्ये आवाज एएसी या प्रकारात दाबून लहान केला जातो तेव्हा काही शिखरं मूळपेक्षा किंचित उंच होतात, म्हणून ती मोकळी जागा लागते. मिरवणुकीत ढोलाशेजारी उभं राहून घेतलेला आवाज मात्र मोबाइलमध्येच फाटलेला असतो. टाइमलाइनवर आवाजाच्या लाटांची डोकी सपाट दिसली की ओळखा. त्या भागाचा आवाज कमी केला तरी तो फाटकाच राहतो. मी तिथे दुसऱ्या नातेवाइकाने लांबून घेतलेला आवाज वापरला.

आवाज साफ करणारी साधनं जपून वापरा. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी म्हणजे झंकाराचा तो बारीक गुंजारव, तो कारागिराने मुद्दाम सुरात आणलेला असतो. आमच्या एका क्लिपमध्ये मागे तंबोरा होता आणि नॉइज रिमूव्हलने तो पुसूनच टाकला. मी मूळ परत आणला.

दोन क्लिप जोडल्या त्या ठिकाणी ‘टक्’ येत असेल तर कापताना लाट मध्येच तुटलेली असते. प्रत्येक जोडावर एका फ्रेमचा, म्हणजे २५ फ्रेमच्या चित्रणात ४० मिलिसेकंदांचा, ऑडिओ फेड द्या. मोबाइलचं चित्रण बहुधा बदलत्या फ्रेम रेटचं असतं, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या चित्रांची संख्या कमीजास्त होते, त्यामुळे ओठ आणि शब्द मागेपुढे होऊ शकतात; ते आधीच हँडब्रेक या मोफत प्रोग्राममधून स्थिर रेटचं करून घ्या.

मग एक्स्पोर्ट. आवाज एएसी, ४८,०००, बिटरेट १९२ केबीपीएस किंवा त्याहून जास्त. आधी सर्वांत गोंगाटाचा आणि सर्वांत शांत, असे अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे दोनच तुकडे काढून हेडफोनवर ऐका. पूर्ण फाइल ४ जीबीच्या वर जात असेल तर फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचा पेनड्राइव्ह ती घेणार नाही, त्याचा फॉरमॅट आधी बदला.

हॉलवर आदल्या संध्याकाळी जा. लॅपटॉपची वायर मिक्सरच्या माइकच्या सॉकेटमध्ये गेली तर निर्दोष फाइलही फाटून ऐकू येते, तिथल्या दादांना लाइनच्या सॉकेटमध्ये लावायला सांगा. चार्जर जोडल्यावर घुं घुं आली तर तो काढून बॅटरीवर चालवा. पाळण्याचा तुकडा लावा, मागच्या रांगेत जाऊन बसा आणि शेवटच्या कडव्यापर्यंत ऐका. आजीचा आवाज तिथे खूप खाली जातो. मला त्यासाठी मिक्सरवर जरा वाढवून घ्यावा लागला.