हिनेब्राचा इतिहास वाचायचा कसा: जहाजावरच्या मराठी पोरांसाठी

पहिल्यांदा जहाजावर चढणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना मी दोन गोष्टी सांगतो. लोणच्याची एक बरणी जास्तीची घ्या, आणि फिलिपिन्सच्या बास्केटबॉलबद्दल थोडं वाचून या. मी टँकरवर सेकंड इंजिनियर आहे, गाव दापोली. आमच्या इंजिन रूममधले ऑइलर, फिटर, वायपर, डेकवरचा बोसन, गॅलीतला चीफ कुक हे बहुतेक वेळा फिलिपिनो असतात. त्यांच्याशी क्रिकेटवर बोललात तर हसून मान डोलावतील आणि विषय तिथेच संपेल. तिथल्या हिनेब्रा संघाचं नाव काढा, मग चहाची सुट्टी संपल्याचं सांगायला फोन येईल. आखातात इस्पितळात, हॉटेलात फिलिपिनोंबरोबर काम करणाऱ्यांनाही हे तितकंच उपयोगी आहे.

मी इथे एकच संघ घेतो, बारांगाय हिनेब्रा सान मिगेल. तिथला सगळ्यात लाडका संघ तोच, आणि त्याचा इतिहास नीट लावता आला की बाकीचे संघ आपोआप लागतात.

सुरुवात करताना एक सवय सोडा: संघाचं गाव शोधायची. आयपीएलची पोरं पहिला प्रश्न विचारतात, 'हा संघ कुठल्या शहराचा?' इथे शहर नाही. फिलिपिन्सची व्यावसायिक लीग, पीबीए, ९ एप्रिल १९७५ला केसोन सिटीतल्या कुबाव भागातल्या आरानेता कोलिझियममध्ये सुरू झाली. आशियातली ही पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. जुन्या कंपनी-स्पर्धेतून नऊ संघ बाहेर पडले आणि त्यांनी ती काढली. म्हणजे संघ कंपन्यांचेच राहिले, फक्त खेळाडू उघडपणे व्यावसायिक झाले. मुंबईची टाइम्स शील्ड आठवा, निरलॉन, टाटा, महिंद्रा यांचे संघ. तीच स्पर्धा देशाचं वेड झाली असती तर काय झालं असतं, ते म्हणजे पीबीए. तेव्हा विचारायचा प्रश्न असा: हा संघ काय विकतो?

हिनेब्रा जिन विकतो. बाटलीवर सैतानाला पायाखाली घेतलेला देवदूत मिकाएल आहे. ते चित्र फेर्नांदो आमोर्सोलोचं, पुढे फिलिपिन्सचा पहिला राष्ट्रीय कलाकार ठरलेल्या माणसाचं. संघाची कीर्ती मात्र बाटलीच्याही पुढे गेलेली आहे. दारूच्या थेंबाला न शिवणारे, रविवारी न चुकता देवाचं करणारे कट्टर हिनेब्रावाले मी पाहिलेत.

आता वही घ्या आणि पान उभं दुमडून दोन रकाने करा. डावीकडे कागद, उजवीकडे माणसं. पद्धत एवढीच आहे, पण ती सोडलीत तर या इतिहासात पहिल्याच पानावर हरवाल.

डाव्या रकान्यात संघाची नावं आणि मालक लिहा. १९७९ला संघ लीगमध्ये आला तो गिल्बीज जिन म्हणून. १९८५ला हिनेब्रा सान मिगेल झाला. १९८८ला आन्येहो रम, कारण कंपनीला त्या वर्षी रम खपवायची होती. १९९१ला परत हिनेब्रा. १९९३मध्ये काही काळ दुसऱ्याच एका रमचं नाव. १९९७ला गॉर्डन्स जिन, आणि त्या बाटलीवर रानडुकराचं मुंडकं असतं म्हणून संघाचं टोपणनाव बोअर्स. १९९९ला बारांगाय हिनेब्रा. बारांगाय म्हणजे तिथला सगळ्यात लहान प्रशासकीय घटक, आपल्या ग्रामपंचायतीच्या किंवा वॉर्डाच्या पातळीचा. प्रेक्षकांनाच संघाच्या नावात घेतलं, ही जाहिरात खात्याला सुचलेली सगळ्यात शहाणी गोष्ट, असं मी मानतो. मालकी आधी ला तोंदेन्या या मद्यकंपनीची होती. १९८७ला ती कंपनी सान मिगेल या कंपनीने घेतली आणि संघही त्यांच्याकडे गेला.

उजव्या रकान्यात पहिलं नाव लिहा: रॉबर्ट जावोर्स्की. आणि त्याच्यापुढे वर्ष १९७९ नाही, १९७५ लिहा, आणि संघ टोयोटा.

नवखे लोक इथेच अडतात. हिनेब्राची गोष्ट सांगताना टोयोटा कुठून आला? लीगच्या पहिल्या काळात दोनच संघांनी देश वाटून घेतला होता, टोयोटा आणि कापडवाली क्रिस्पा. जावोर्स्की टोयोटाचा. १९८३च्या मोसमानंतर टोयोटाने संघ गुंडाळला आणि जागा, खेळाडू सगळं बेसिक होल्डिंग्ज नावाच्या कंपनीला विकलं. जावोर्स्की आणि त्याचा जोडीदार फ्रान्सिस आर्नायझ यांनी त्या सौद्याबरोबर जायला नकार दिला आणि १९८४ला गिल्बीज जिन गाठलं. त्यांच्या मागून टोयोटाचे प्रेक्षकही आले. तोपर्यंत गिल्बीज हा चारचौघांसारखा एक संघ होता.

दोन रकाने कशासाठी, ते आता बघा. कागदावर टोयोटाची जागा बेसिक होल्डिंग्जकडे गेली. तो संघ पुढे मनिला बियर म्हणून खेळला. माणसं गेली हिनेब्राकडे. १९८६च्या ओपन कॉन्फरन्सच्या (कॉन्फरन्स म्हणजे मोसमातली एक स्वतंत्र स्पर्धा) अंतिम फेरीत कोण भिडले? हिनेब्रा आणि मनिला बियर. टोयोटाचा कागदी वारस एका बाजूला आणि जावोर्स्की दुसऱ्या बाजूला. हिनेब्राने मालिका ४-१ अशी घेतली आणि पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या मोसमात परदेशी खेळाडू होते बिली रे बेट्स आणि मायकल हॅकेट. हा तोच हॅकेट, ज्याने आदल्या वर्षी एका सामन्यात एकट्याने १०३ गुण केले होते. नुसती विजेत्यांची यादी वाचणाऱ्याला १९८६ हे आणखी एक वर्ष वाटेल. दोन रकाने शेजारी ठेवले की त्यातला हिशेब दिसतो.

१९८५ला मात्र वेगळं पान द्या, कारण 'नेव्हर से डाय' ही हिनेब्राची घोषणा तिथून येते. जावोर्स्की तेव्हा खेळत होता आणि प्रशिक्षकही होता, वय एकोणचाळीस. ऑक्टोबरमध्ये नॉर्दर्न कन्सॉलिडेटेड या संघाविरुद्धच्या सामन्यात जेफ मूरचं कोपर त्याच्या तोंडावर बसलं आणि ओठ फाटला. त्याला इस्पितळात नेऊन नऊ टाके घातले. संघ मागे पडलेला. गडी चौथ्या क्वार्टरमध्ये परत आला, बाकावर बसला, मग मैदानात उतरला, आणि पंधरा गुणांची पिछाडी भरून काढून हिनेब्राने सामना जिंकला. ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक फिलिपिनो वेगळी सांगेल. आमच्या एका फिटरच्या हिशेबात टाके वीसच्या पुढे गेलेत. दुरुस्त करायला जाऊ नका, ऐका.

१९८८चं विजेतेपद आन्येहो रम या नावाने आहे, म्हणून ते शोधताना लोकांच्या हातून सुटतं. समोर हरला तो संघ प्युअरफूड्स. त्या अंतिम फेरीत प्युअरफूड्सने आपलाच सर्वांत मोठा खेळाडू, रामोन फेर्नांदेझ, बाकावर बसवला होता. तो मन लावून खेळत नाही असा त्यांचा संशय होता. फेर्नांदेझ हाही जुना टोयोटावाला. टोयोटा मोडल्यापासून त्याची आणि जावोर्स्कीची बोलाचाल बंद होती. उजव्या रकान्यात या दोघांमध्ये एक रेघ ओढा आणि तिच्यावर १९८९ लिहा. त्या वर्षीच्या ऑल-स्टार सामन्यात, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात, दोघे एकाच बाजूने होते; अखेरच्या क्षणी जावोर्स्कीने रेषेबाहेरून चेंडू दिला तो फेर्नांदेझकडे, आणि त्याने विजयी बास्केट केलं. सामना संपल्यावर प्रशिक्षक बेबी दालुपान यांनी दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले. त्या विजयाला कुठलाही चषक जोडलेला नाही, तरी पन्नाशीतले फिलिपिनो त्याबद्दल विजेतेपदापेक्षा जास्त बोलतात.

पुढची दोन वर्षं एकत्रच वाचा, वेगळी वाचाल तर अर्धी मजा जाईल. १९९०च्या पहिल्या कॉन्फरन्सची अंतिम फेरी, आन्येहो विरुद्ध शेल. सहाव्या सामन्यात पंचांच्या निर्णयांवर चिडून आन्येहो मैदान सोडून गेला. सामना गेला, मालिका गेली, वर दंड बसला. हट्ट म्हणून ठीक, पण मला विचाराल तर ते शोभलं नाही. हे मत मेसरूममध्ये जपून मांडा. वर्षभराने तीच कॉन्फरन्स, समोर परत शेल, नाव परत हिनेब्रा. मालिकेत १-३ असे मागे. तिथून तीन सामने सलग जिंकले आणि सातव्याचा निकाल रूडी दिस्त्रितोच्या अखेरच्या क्षणीच्या फेकीने लागला. डावा रकाना तपासा: शेलने लीगमधली जागा घेतली होती ती क्रिस्पाकडून. म्हणजे कागदावर का होईना, टोयोटा-क्रिस्पाचं भांडण अजून चालूच होतं.

या काळातल्या खेळाडूंमध्ये चितो लॉयझागा हे नाव दिसलं की थांबा. १९५४च्या जागतिक स्पर्धेत फिलिपिन्सने कांस्यपदक मिळवलं, त्या संघाचा नायक कार्लोस लॉयझागा. चितो त्याचा मुलगा. असे धागे उजव्याच रकान्यात सापडतात.

नंतरची काही वर्षं भरभर उलटली तरी चालतील. १९९७ला गॉर्डन्स जिन या नावाने एक विजेतेपद. जावोर्स्की पन्नाशी ओलांडून गेला तरी गणवेश उतरवत नव्हता. १९९८ला तो सेनेटर म्हणून निवडून आला आणि मग संघ सुटला. २००४ ते २००८ या काळात मार्क कागिओवा, जेजे हेल्टरब्रँड, एरिक मेंक यांच्या पिढीने चार विजेतेपदं आणली. मग आठ वर्षांचा दुष्काळ.

दुष्काळानंतरचं वाचण्याआधी लीगचं वर्ष समजून घ्या, नाहीतर आकडे फसवतील. पीबीएच्या एका मोसमात बहुधा तीन स्वतंत्र स्पर्धा होतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. फिलिपिन कपमध्ये परदेशी खेळाडू चालत नाही. कमिशनर्स कप आणि गव्हर्नर्स कपमध्ये प्रत्येक संघाला एक परदेशी खेळाडू घेता येतो, तिथे त्याला इम्पोर्ट म्हणतात, आणि त्याच्या उंचीची अट कॉन्फरन्सप्रमाणे बदलते. म्हणून 'हिनेब्राची पंधरा विजेतेपदं' म्हणजे पंधरा वर्षं नव्हेत. प्रत्येक विजेतेपदापुढे कॉन्फरन्सचं नाव लिहा. तिन्ही एकाच मोसमात जिंकले तर ग्रँड स्लॅम, आणि ते फार थोड्यांना जमलंय. प्रशिक्षक टिम कोनला दोनदा जमलं, १९९६ला अलास्का या संघाकडून आणि २०१४ला सान मिग कॉफीकडून. हिनेब्राने त्यालाच आणलं.

त्यानंतर उजव्या रकान्यात जावोर्स्कीच्या खाली दुसरं मोठं नाव लिहा: जस्टिन ब्राउनली. २०१६च्या गव्हर्नर्स कपमध्ये पॉल हॅरिस जखमी झाला म्हणून त्याच्या जागी हा आला. १९ ऑक्टोबर २०१६, मेराल्कोविरुद्ध अंतिम फेरीचा सहावा सामना, ८८-८८ बरोबरी, आणि घंटा वाजताना ब्राउनलीची तीन गुणांची फेक आत. दुष्काळ संपला. मेराल्को ही मनिलाची वीज कंपनी. हिनेब्राने तिला २०१६, २०१७, २०१९ आणि २०२१ अशा चार गव्हर्नर्स कपच्या अंतिम फेऱ्यांत हरवलं. मेराल्कोला पहिलं विजेतेपद २०२४ला मिळालं, आणि त्या दिवशी आमच्या जहाजावरचे हिनेब्रावालेसुद्धा टाळ्या वाजवत होते.

प्रेक्षकांचं वेड मोजायचं तर दोन आकडे पुरेत, दोन्ही बुलाकानमधल्या फिलिपिन अरेनातले: २०१७च्या अंतिम फेरीच्या सातव्या सामन्याला ५४,०८६, आणि १५ जानेवारी २०२३ला बे एरिया ड्रॅगन्सविरुद्धच्या सातव्याला ५४,५८९. बे एरिया हा पाहुणा संघ, त्यामुळे त्या दिवशी बाकी संघांचे चाहतेही हिनेब्राकडून होते. त्याच महिन्यात ब्राउनलीला कायदा करून फिलिपिन्सचं नागरिकत्व दिलं गेलं, आणि त्याच वर्षी हांगझौच्या आशियाई स्पर्धेत टिम कोनच्या हाताखाली त्याने देशाला सुवर्ण मिळवून दिलं, १९६२नंतरचं पहिलं.

बघायचं काय? बंदरात बरं नेटवर्क मिळालं की १९९१चा सातवा सामना, १९८९च्या ऑल-स्टारचा शेवट आणि २०१६चा सहावा उतरवून घ्या, याच क्रमाने. सगळे एकट्याने बघू नका. ऑइलरला शेजारी बसवा आणि मध्ये मध्ये थांबवून विचारा, 'हा आधी कुठे होता?' उजवा रकाना असाच भरतो.

समोरच्याचा संघ आधी विचारून घ्या, हे मात्र नक्की. सान मिगेल बियर, मॅग्नोलिया आणि हिनेब्रा तिन्ही एकाच मालकाचे, तरी हिनेब्रा-मॅग्नोलिया सामन्याला मनिला क्लासिको म्हणतात आणि त्या दिवशी मेसरूममध्ये दोन टेबलं होतात. तुमचा बोसन मॅग्नोलियावाला निघाला तर वहीत नवीन पान काढा आणि डाव्या रकान्यात प्युअरफूड्स, १९८८ असं लिहून सुरुवात करा. खाली भरपूर जागा सोडा: मधल्या नावांत आइस्क्रीम आहे, जनावरांचं खाद्य आहे, कॉफी आहे आणि हॉटडॉगही.